निघण्याची घडी

त्या दुपारी घरी परतल्यावर मला सगळ्यात आधी दिसले ते माझे अंथरूण. चादरीची चारही कोपरे जुळवून घडी घातलेली, तिच्यावर पांघरूण, त्यावर उशी. जणू कोणी पाहुणे यायचे होते म्हणून खोली आवरून ठेवली असावी. आदल्या रात्री २ वाजून १० मिनिटांनी मोबाईलवर इशारा आला होता की नदीची पातळी झपाट्याने वाढत आहे आणि सखल भागातील रहिवाशांनी तातडीने सुरक्षित ठिकाणी जावे. मी आणि बाबा प्रत्यक्ष दाराबाहेर पडलो तेव्हा २ वाजून ५० मिनिटे झाली होती. मधल्या ४० मिनिटांत केव्हा तरी मी हे अंथरूण आवरले होते आणि ते आवरल्याचे मला काडीइतकेही आठवत नव्हते.

घरात पाणी आले नव्हते. आमच्या दाराशी पाच पायऱ्या आहेत. त्यांपैकी दुसरीच्या काठावर चिखलाची एक बारीक, सरळ रेघ उमटली होती आणि तिथून वर सगळे कोरडे होते. ओल्या मातीचा आणि गटाराचा एकत्र वास येत होता. शाळेच्या सभागृहात सतरंजीवर बसून काढलेल्या रात्रीने अंग आंबून गेले होते. मी कुलूप उघडत असताना वरच्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून विचारले, “काय, झाली का सहल?” त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते. मीही हसले. पण आत जाऊन ते अंथरूण पाहिले आणि काकांचा प्रश्न व ती घडी या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींना जोडल्या गेल्या त्या आजतागायत सुटलेल्या नाहीत. आपण उगाच गेलो का, ही एक टोचणी. आणि जायचेच होते तर चादरीची घडी कशासाठी घालत बसलो, ही दुसरी.

त्या ४० मिनिटांचा हिशेब मी नंतर पुष्कळदा मांडून पाहिला. इशारा मी दोनदा वाचला, हे नक्की. मग खिडकी उघडली. रस्त्याच्या वळणावर एक विजेचा खांब आहे, त्याच्या दिव्याखाली पाणी चमकत होते; पण ते हलताना दिसत नव्हते, त्यामुळे ते धोक्याचे वाटले नाही. पाण्याकडे मी फार तर मिनिटभर पाहिले असेन. उरलेला वेळ मी शेजारच्या घरांच्या खिडक्यांकडे पाहत होते. कोणाकडे दिवा लागला आहे, कोणी दार उघडले आहे का, कोणाच्या हातात पिशवी दिसते का. दोन घरांत दिवे होते, पण बाहेर कोणी आलेले नव्हते. मला खात्री आहे की त्या दोन घरांतूनही कोणी तरी आमच्या खिडकीकडेच पाहत होते. मग मी एका मैत्रिणीला फोन करून उठवले आणि तिला काय वाटते ते विचारले. ती राहते उंचावर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिला काय वाटणार होते? कागदपत्रांची फाईल सापडली, चष्मा सापडेना, चष्मा सापडला तोवर फाईल कुठे ठेवली ते विसरले. सभागृहात पोहोचल्यावर पिशवी उघडली तेव्हा तिच्यात दोन टॉवेल, मागच्या वर्षीचे विजेचे बिल आणि टीव्हीचा रिमोट निघाला. बाबांची हृदयाची गोळी टेबलावरच राहिली होती.

आपत्तीत माणसे कशी वागतात याचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट वारंवार नोंदवून ठेवली आहे. इशारा ऐकताच जिवाच्या आकांताने धावत सुटणारा जमाव चित्रपटांत जितका दिसतो तितका प्रत्यक्षात दिसत नाही. प्रत्यक्षात माणसे घोटाळत राहतात. ऐकलेली बातमी दुसऱ्याकडून पडताळून घेतात, तिसऱ्याला फोन करतात, हातातले काम संपवतात, इतर काय करतात ते पाहतात. मला हे वाचून बरे वाटले, कारण आपला मूर्खपणा सार्वत्रिक आहे असे कळले की तो थोडा हलका होतो. इ.स. ७९ मध्ये इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा खाडीच्या पलीकडे मिसेनम इथे १७ वर्षांचा धाकटा प्लिनी, पुढे रोमन लेखक म्हणून ओळखला गेलेला, आपल्या आईसोबत होता. आकाशात विचित्र ढग उठला होता, जमीन हादरत होती, आणि हा मुलगा अंगणात बसून लिव्ही या रोमन इतिहासकाराचा ग्रंथ वाचत त्यातील उतारे उतरवून घेत होता. मामाच्या एका मित्राने येऊन दोघांना खडसावले तरी तो जागचा हलला नाही. पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्रात, याला धैर्य म्हणावे की अविचार हे सांगता येत नाही, असे त्याने स्वतःच कबूल केले आहे. त्याचे ते उतारे म्हणजे माझी चादरच होती. हाताला रोजचे काम दिले की रोजचाच दिवस चालू आहे असे मनाला पटवता येते.

त्याच पत्रव्यवहारात आणखी एक प्रसंग आहे. थोरला प्लिनी, म्हणजे तो मामा, पलीकडच्या किनाऱ्यावर मित्राच्या घरी अडकला होता. घर हेलकावे खात होते आणि बाहेर आकाशातून सच्छिद्र दगडांचा वर्षाव चालू होता. आत थांबावे तर छप्पर कोसळेल, बाहेर पडावे तर डोक्यात दगड बसतील. जमलेल्यांनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या आणि अखेर डोक्यांवर उशा बांधून ते बाहेर पडले. थोरला प्लिनी किनाऱ्यावर पोहोचला आणि तिथेच मरण पावला. उशा बांधलेली ती माणसे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. घर सोडण्याचा निर्णय बहुतेक वेळा असाच घ्यावा लागतो, दोन अपुऱ्या माहित्यांच्या मधे उभे राहून आणि हाताला लागेल ती उशी डोक्याला बांधून.

बाबा मात्र उशी सोडायलाच तयार नव्हते.

“पाणी इथवर येत नाही,” ते अंथरुणातूनच म्हणाले. “तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी.” हा आपल्या बोलण्यातला वाक्प्रचार, पण त्या रात्री तो शब्दशः खरा होता. बाबांनी या घरात ३० पावसाळे काढले आहेत आणि ३० पावसाळ्यांत पाण्याने पहिली पायरीसुद्धा ओलांडलेली नव्हती. या विधानात खोटे काहीच नव्हते. माझ्याजवळ होता तो एका अनोळखी यंत्रणेने पाठवलेला चार ओळींचा मजकूर, आणि त्यांच्याजवळ होता अनुभव. अनुभवाशी वाद घालणे फार कठीण असते, विशेषतः तो वडिलांचा असेल तर.

पण अनुभव म्हणजे शेवटी मोजलेले पावसाळेच, आणि नदीला आपली मोजणी ठाऊक नसते. कोलंबियातील आर्मेरो हे शहर ज्या जमिनीवर वसले होते ती जमीनच १८४५ मध्ये नेवादो देल रुइझ या ज्वालामुखीवरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्याने तयार झालेली होती. त्या लोंढ्यात सुमारे १,००० माणसे गेली होती. परंतु १९८५ साली ते पाहिलेले कोणीही हयात नव्हते. त्या वर्षी १३ नोव्हेंबरच्या दुपारी शहरावर राख पडू लागली, तेव्हा शांत राहा, घरातच थांबा, असे लोकांना सांगण्यात आले. रात्री ९ च्या सुमारास मुख्य उद्रेक झाला, शिखरावरचे बर्फ वितळले आणि सुमारे अडीच तासांनी चिखल शहरात शिरला. त्या आपत्तीत सुमारे २३,००० माणसे मेली आणि त्यांतील बहुतेक याच एका शहरातील होती. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झालेला होता आणि उंचवट्यावर पोहोचायला अडीच तास पुरेसे होते. याउलट इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावरच्या लोकांनी १९०७ च्या त्सुनामीची आठवण गोष्टींतून आणि पाळण्यातल्या गाण्यांतून नातवंडांपर्यंत पोहोचवली. जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे हटला की कोणाची वाट न पाहता डोंगर गाठायचा. या लाटेला त्यांच्या भाषेत ‘स्मोंग’ म्हणतात. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भूकंपाचे केंद्र या बेटाच्या अगदी जवळ होते, तरी सुमारे ७८,००० वस्तीपैकी तिथे फक्त ७ जण दगावले. माझ्या बाबांचे ३० पावसाळे आणि त्या बेटावरची ९७ वर्षे या दोन्ही आठवणीच. परंतु पहिली ‘आजवर काही झालेले नाही’ याची आठवण आहे आणि दुसरी ‘एकदा झाले होते’ याची.

मी हे सगळे त्या रात्री बाबांना सांगितले असे वाटत असेल तर तसे काही नाही. मी फक्त म्हणाले, “बाबा, उठा ना.” ते म्हणाले, “तू जा. मी थांबतो घरी.”

या वाक्यापाशी आल्यावर सगळी शहाणपणाची पुस्तके मिटतात. जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर ‘तेंदेंको’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ साधारण ‘ज्याने त्याने आपापले’ असा होतो. १८९६ च्या त्सुनामीत त्या किनाऱ्यावर सुमारे २२,००० माणसे मेली आणि अनेक कुटुंबे एकमेकांना शोधण्याच्या नादात एकत्रच बुडाली. त्यातून हा धडा निघाला की त्सुनामी आली तर आईने मुलाची आणि मुलाने आईची वाट पाहू नये, ज्याने त्याने उंचावर पळावे. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला तो शब्द निर्दय वाटला होता. परंतु तो शब्द केवळ पळणाऱ्यासाठी नसून मागे राहिलेल्यासाठीही आहे. दुसराही निघाला असेल हा विश्वास दोघांनी आधीच एकमेकांना दिलेला असतो, म्हणून कोणी परत फिरत नाही. ११ मार्च २०११ रोजी त्याच किनाऱ्यावर पुन्हा त्सुनामी आली तेव्हा कामाइशी शहरातील एका शाळेची मुले सूचनेची वाट न पाहता धावत सुटली, वाटेत लहान शाळेतील मुलांना बरोबर घेतले, आणि ठरलेली जागा सुरक्षित वाटेना तेव्हा आणखी वर गेली. आम्ही बापलेकीने असा कोणताही विश्वास आधी एकमेकांना दिलेला नव्हता. त्यामुळे मी दाराशी उभी राहिले, बाबा अंथरुणात बसून राहिले, आणि बहुधा याच १० मिनिटांत माझ्या हातांनी माझ्या नकळत चादरीची घडी घातली.

अखेर ते का उठले हे त्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मला वाटते, मी एकटी जाणार नाही हे त्यांना कळले. धोक्याला घाबरून बाबा घराबाहेर पडले नाहीत; ते माझ्या हट्टाला कंटाळून पडले. वॉशिंग्टन राज्यातील माउंट सेंट हेलेन्सच्या पायथ्याशी राहणारा ८३ वर्षांचा हॅरी ट्रुमन आपले विश्रामगृह सोडायला शेवटपर्यंत तयार झाला नाही आणि १८ मे १९८० रोजी पर्वत फुटला तेव्हा तो त्याखाली गाडला गेला. पत्रकारांनी त्याला त्याच्या हयातीतच नायक करून टाकले होते. त्याच्याविषयी वाचताना माझ्या मनात आदर आणि संताप एकाच वेळी उमटतात. ज्या जागेत उभे आयुष्य गेले ती सोडून वाचण्यापेक्षा तिच्यासोबत जावे असे वाटणे मी समजू शकते. पण त्याला मागे ठेवून ज्यांना डोंगर उतरावा लागला असेल, त्यांचा विचार केला की मला बाबांचे ‘तू जा’ आठवते आणि पुन्हा राग येतो.

बाहेर पडणे नेहमीच शहाणपणाचे असते असेही मला म्हणायचे नाही. सप्टेंबर २००५ मध्ये कतरिना वादळ होऊन महिनाही झाला नव्हता, तोच रीटा नावाचे दुसरे वादळ टेक्सासच्या दिशेने निघाले. ताज्या भीतीने लाखो माणसे एकाच वेळी रस्त्यांवर आली. भर उन्हात गाड्यांच्या रांगा तासन्‌तास खोळंबल्या, इंधन संपले, वृद्धाश्रमातील माणसांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जण गेले. वादळाने थेट घेतलेल्या बळींपेक्षा पळताना वाटेत मेलेल्यांची संख्या जास्त भरली. आजारी आणि वृद्ध माणसाला हलवणे हाच कधी कधी मोठा धोका असतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनीही त्या रात्री “वर या की आमच्याकडे” असे म्हटले होते, आणि पाणी संथपणे चढत असेल, इमारत भक्कम असेल, तर वर जाणे हा काही वेडगळ सल्ला नव्हे. काका चुकले असे मी आजही म्हणणार नाही. मला भीती होती ती एवढीच की पाणी दोन दिवस उतरले नाही आणि बाबांच्या छातीत दुखू लागले, तर वरून खाली उतरायला वाट नसेल.

लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी रात्री १ च्या सुमारास आग लागली, तेव्हा आपापल्या घरात थांबा असाच सल्ला रहिवाशांना होता. मुळात तो सल्ला चुकीचा नव्हता. उंच इमारतीतील प्रत्येक घर आग काही काळ रोखून धरील अशा रीतीने बांधलेले असते, आणि सगळेच जिन्यात उतरले तर धुरात गुदमरतील, असा त्यामागचा विचार होता. पण इमारतीला बाहेरून लावलेले आवरणच पेटले आणि आग भिंतींना वळसा घालून वर चढली. ज्या गृहीतावर तो सल्ला उभा होता तेच जळून गेले, तरी सल्ला मागे घ्यायला २ वाजून ४७ मिनिटे व्हावी लागली. तो तासभर आधीच मागे घ्यायला हवा होता, असे पुढे चौकशीत म्हटले गेले. एकूण ७२ माणसे गेली. ‘थांबा’ आणि ‘निघा’ यांपैकी कोणता शब्द बरोबर हे तितके अवघड नाही. कोणत्या मिनिटाला पहिल्याचा दुसरा होतो, ते मिनिट ओळखणे अवघड आहे. आणि ते मिनिट घड्याळात वाजत नाही.

इटलीतील लाक्विला शहरात तर माणसांना ते मिनिट ओळखण्याची जुनी सवय होती. धक्के जाणवले की रात्र उघड्या चौकात काढायची, ही तिथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. २००९ च्या सुरुवातीपासून तिथे बारीक धक्के बसत होते. मार्चअखेर तज्ज्ञांची एक बैठक झाली आणि त्या सुमारास एका अधिकाऱ्याने, लहान धक्क्यांमुळे ऊर्जा मोकळी होते आहे, हे एक प्रकारे चांगलेच, अशा अर्थाचे आश्वासन दिले. ५ एप्रिलच्या रात्री धक्का बसला तेव्हा नेहमी बाहेर पडणाऱ्यांपैकी काही जण त्या आश्वासनावर विसंबून घरातच झोपले. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. ३०९ माणसे मेली. पुढे खटले झाले, शिक्षा झाल्या, शास्त्रज्ञ अपिलात सुटले, आणि त्या सगळ्याबद्दल बरेच लिहिले गेले. मला त्यात खुपते ते निराळेच. त्या माणसांजवळ स्वतःची एक भीती होती, उपयोगाची, आजोबा-पणजोबांकडून आलेली भीती. आणि ती त्यांच्याकडून गोड बोलून काढून घेतली गेली. आपण भित्र्या माणसाला समजावतो, हसतो, ‘काही होत नाही रे’ म्हणतो. हे सांगण्याचा आपल्याला काय अधिकार असतो, असा प्रश्न मला हल्ली पडतो.

कारण खरी अडचण भीतीची नाहीच, लाजेची आहे. त्या रात्री खिडकीतून इतरांच्या खिडक्यांकडे पाहताना मला पाण्याची जेवढी भीती वाटत होती त्याहून जास्त, आपणच सर्वांत आधी पिशवी घेऊन निघालो आणि काहीच झाले नाही तर कसे दिसेल, याची वाटत होती. १९७६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील ग्वाडेलूप बेटावरील ला सूफ्रिएर ज्वालामुखी धुमसू लागला तेव्हा ७०,००० हून अधिक माणसांना घरे सोडायला लावली. ती कित्येक महिने बाहेर राहिली आणि मोठा उद्रेक झालाच नाही. त्यावर दोन नामांकित शास्त्रज्ञांची जाहीर भांडणे झाली, थट्टा झाली, नुकसानीचे हिशेब निघाले. नऊ वर्षांनी आर्मेरोत कोणाला पाहिजे होती ती नेमकी अशीच थट्टा झालेली सकाळ, पण ती उगवली नाही. उगाच गेलेल्यांना ‘झाली का सहल’ म्हणता येते. न गेलेल्यांना काही म्हणायला कोणी गॅलरीत उरत नाही.

ओडिशाच्या किनाऱ्यावर १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे मेली होती. मे २०१९ मध्ये फनी वादळाआधी तिथल्या सुमारे १२ लाख माणसांना हलवण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. अंदाज सुधारले, निवारे बांधले गेले, ही कारणे आहेतच. पण मला वाटते की अख्खे गाव मिळून निघते तेव्हा पहिला कोण निघाला हा प्रश्नच उरत नाही, आणि लाजेचे ओझे १२ लाखांत वाटले गेले की ते कोणालाच जाणवत नाही. आमच्या रस्त्यावर त्या रात्री ते ओझे एकट्या मला उचलायचे होते.

पाणी ओसरल्यावर साधारण महिनाभराने मी एक काम केले. गवंडी वापरतात तशी पारदर्शक प्लास्टिकची नळी आणली, तिच्यात पाणी भरले आणि बाबांना एक टोक धरायला लावले. नळी कितीही वळली तरी तिच्या दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीवर उभे राहते, त्यामुळे लांबच्या दोन जागांच्या उंचीतला फरक या साध्या साधनाने मोजता येतो. “आता काय मोजतेस? पाणी तर गेलं,” असे पुटपुटत बाबा पहिल्या पायरीशी ओणवे होऊन टोक धरून बसले आणि मी दुसरे टोक घेऊन वळणावरच्या त्या विजेच्या खांबापर्यंत गेले. नळीत बुडबुडे अडकले होते. ते टिचक्या मारून काढावे लागले. मग पाणी हळूहळू वर-खाली होत स्थिरावले. “स्थिर झालं का?” मी ओरडले. “झालं,” बाबा ओरडले. मी टेप लावली आणि आकडा वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मग बाबांना तिथे बोलावून घेऊन त्यांना वाचायला लावला.

वळण पहिल्या पायरीपेक्षा ३८ सेंटिमीटर खाली होते.

आम्ही निघालो तेव्हा पहिली पायरी नुकती बुडत होती, म्हणजे त्याच क्षणी वळणावर ३८ सेंटिमीटर पाणी होते. वेगाने वाहणारे १५ सेंटिमीटर पाणी मोठ्या माणसाला पाडू शकते, ३० सेंटिमीटर पाणी लहान मोटार उचलू शकते आणि ६० सेंटिमीटरमध्ये बहुतेक वाहने वाहून जातात, हे आकडे मी कितीदा वाचले होते. त्या वळणावर बाबांचा दंड धरून चालताना पाणी माझ्या गुडघ्याला लागले होते हे मला आठवत होते. पण घर कोरडे, वरच्या पायऱ्या कोरड्या, म्हणून मी ते पाणी हिशेबातच धरले नव्हते. पहाटेपर्यंत पाणी आणखी एक पायरी चढले होते. आणखी तासभर चादरी आवरत बसलो असतो तर घर तसेच कोरडे राहिले असते आणि त्याच्याभोवतीची वाट बुडालेली असती. आमचा सगळा वाद घरावर चालला होता. पाणी घरात येते की नाही, पाया किती उंच, बाबांचे पावसाळे किती. घराला तर काहीच व्हायचे नव्हते. प्रश्न वाटेचा होता, आणि वाट कुठे बुडते हे सांगणारा खांब मला खिडकीतून रात्रभर दिव्यासकट दिसत होता. काकांच्या मते आम्ही उगाच गेलो होतो. टेपच्या मते आम्ही फार उशिरा निघालो होतो.

बाबा बराच वेळ खांबाकडे पाहत उभे राहिले. मी म्हटले की खांबाच्या बुंध्यापासून १५ सेंटिमीटरवर एक खूण करू, पाणी तिथवर आले की काही न बोलता निघायचे, तुम्हीही आणि मीही. त्यांनी माझ्या हातून पांढऱ्या रंगाचा डबा घेतला, टेप पुन्हा लावली आणि पट्टा १० सेंटिमीटरवर ओढला. “पंधरा म्हणाले ना मी,” असे मी म्हटल्यावर ते ब्रश पुसत म्हणाले, “मला चालायला तुझ्यापेक्षा वेळ लागतो.”

पुढच्या वर्षी पुन्हा एका रात्री इशारा आला. मी खिडकीतून टॉर्च मारला. पांढऱ्या पट्ट्याचा खालचा काठ भिजला होता. या वेळी पिशवी भरलेलीच होती आणि गोळ्या तिच्या बाहेरच्या कप्प्यात होत्या. वळणावर पाणी घोट्याच्या वर जेमतेम पोहोचले होते, बाबा माझ्या पुढे चालत होते आणि बाकीच्या खिडक्यांपैकी कोणत्या उजळल्या होत्या ते मला सांगता येणार नाही. पाऊस पहाटे थांबला. पाणी आमच्या फाटकापर्यंतही आले नाही. दुपारी परत आलो तेव्हा काका गॅलरीत होते आणि त्यांनी हात वर करून काही तरी विचारले. मला ऐकू आले नाही, किंवा मी ऐकले नाही.

आत गेले तर माझे अंथरूण जसे सोडले होते तसेच पडले होते. पांघरूण अर्धे जमिनीवर लोळत होते, उशीवर डोक्याचा खळगा होता. मला त्याचे इतके समाधान वाटले की ते दाखवायला मी बाबांना हाक मारली. ते बाहेर पाय धूत होते म्हणून मीच त्यांच्या खोलीत डोकावले. तिथे चादरीची घडी घातलेली होती, चारही कोपरे जुळवून.